य-७ यानाच्या रिकाम्या खिडक्या

मी, वैजयंती भिवाजी खिल्लारे, वय ३१, शिक्षण आय.टी.आय. ड्राफ्ट्समन (स्थापत्य), काम नकाशे काढणे, राहणार वाशीम, मूळ गाव रिठद, तालुका रिसोड, हे मृत्युपत्र स्वतः टंकून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. लिहू नये म्हणून मात्र आईने आणले. "काहून वं असं लिवून राह्यली? तुहं वय काय, अन् हे कागद काय!" मी तिला सांगितले की कायद्याला अठरा पुरतात.

१८ नोव्हेंबरला नागपुरात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांच्या मते धोका शेकडा चार. शंभरात चार हा आकडा मी नकाशातही सोडत नाही, म्हणून हा दस्त.

१. बँकेतील शिल्लक व विमा आई रुख्मिणी हिला.

२. दुचाकी भाऊ विनोद याला. मागचा ब्रेक उशिरा लागतो. हे त्याला तीन वेळा तोंडी सांगितले आहे, आता लेखी सांगते.

३. टेक्निकल पेनांचा संच (०.१ ते ०.८) आणि ड्रॉइंग बोर्ड विनोदची मुलगी स्नेहा, वय ९, हिला. पेने वापरून झाली की धुवावीत. ०.२ चे कोणालाही देऊ नये. हीच स्नेहा मला म्हणाली होती, "आत्या, यान तुहं लय भारी हाय, पन मले झिपरीच आवडते." तरीही पेने तिलाच.

४. ज्या कचेरीत मी नोकरी करते तेथील साहेबांना मी काही ठेवत नाही. नऊ वर्षे माझ्या नकाशांवर त्यांची सही आहे. तेवढे पुरे.

५. आता 'झिपरी'बद्दल. झिपरी ही शेळी आहे आणि अंतराळयानाची कप्तान आहे. तिच्यासोबत ढवळ्या नावाचा बैल यंत्रे सांभाळतो आणि बुंदी कोंबडी दिशा सांगते. त्यांच्या सफरींचे चित्रकथांचे अकरा अंक २०२० पासून निघाले असून जिल्ह्यातील शाळांत वाचले जातात. हे अंक मी आणि माझी मैत्रीण वर्षाराणी सेवालाल आडे मिळून काढतो. ती मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची, तिथल्याच शाळेत शिक्षिका.

आमची पद्धत ठरलेली आहे. आधी मी ट्रेसिंग पेपरवर यान काढते, मापात, एकास वीस प्रमाणात, खिडक्या रिकाम्या ठेवून. गुंडाळी मानोऱ्याला जाते. वर्षाराणी खिडक्यांत जनावरे बसवते, गोष्ट लिहिते आणि पाने परत पाठवते. यानाचे नाव मी य-७ ठेवले होते. दुसऱ्याच अंकात तिने झिपरीच्या तोंडी "चला रे, दमणी जुंपा!" असे घातले. तेव्हापासून पोरे यानाला दमणीच म्हणतात. बैलाच्या हलक्या गाडीचे नाव, आणि माझ्या यानाला तीन टप्प्यांचे इंजिन आहे.

६. अंकावर पत्ता माझा छापलेला असल्याने वाचकांची पत्रे माझ्याकडे येतात. आजवर १४७ आली. त्यांपैकी 'यानवाल्या ताईस' दोन. बाकी सर्व 'झिपरीवाल्या ताईस'. ती मी वर्षाराणीला देत आले, परंतु ३१ दिली नाहीत. ज्यांत पोरांनी झिपरीचे चित्र फार चांगले काढले होते, ती ही ३१. माझ्या कपाटात वरच्या फळीवर निळ्या फाइलमध्ये आहेत, ती तिला द्यावीत. पाकिटे उघडलेली आहेत. मी उघडली. कारण विचारू नये. विचारले तर हे कलम दाखवावे.

७. मला आलेल्या दोन पत्रांपैकी एक मेडशीच्या अंजना हिचे, इयत्ता चौथी. तिने लिहिले होते: "ताई, यानाचे दार मी पट्टीने मोजले. तीन सेंटीमीटर आहे, म्हणजे खरे साठ. आमच्या बैलाची शिंगेच पंचाहत्तर आहेत. ढवळ्या आत कसा गेला?"

दार माझे होते. माणसाच्या मापाने काढले होते, आणि यानात एकही माणूस नाही हे माझ्या लक्षात आले नाही. चार अंक छापून झाले होते. मी वर्षाराणीला कळवले की पाचव्या अंकात शुद्धिपत्र देऊ: दार ६० ऐवजी १४० सेंटीमीटर वाचावे.

ती फोनवर खो-खो हसली. "अवं वैजू, शुद्धिपत्र कोन वाचते? ढवळ्या वासरू व्हता तवाच आत गेला. आता मोठा झाला, अन् निंघता येत नाही. झालं!"

पाचवा अंक तोच. झिपरी आणि बुंदी चंद्रावर उतरतात, ढवळ्या खिडकीला नाक लावून बसतो, आणि झिपरी परत येऊन त्याला चंद्रावर काय काय होते ते सगळे सांगते. पोरे रडली. पाकिटात कडब्याची पाने घालून ढवळ्याला पाठवली. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याचे नाटक बसले आणि वर्षाराणीला व्यासपीठावर शाल दिली. तिने माइकवर तीन वेळा माझे नाव घेतले. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या माझे नाव घेण्याच्या तिच्या मोठेपणाला होत्या. मी सातव्या रांगेत होते. तिने माझे नाव घेतले नसते तर मला निदान रागावता आले असते.

८. या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी यानाचे सर्व ४६ कागद माझ्या आय.टी.आय.ला दिले होते. त्यांपैकी ३३ छापून झाले आहेत. १३ नवे आहेत, आणि त्यांत ७१ खिडक्या रिकाम्या आहेत. अट अशी घातली होती की त्या खिडक्यांत कोणीही कोणतेही जनावर काढू नये. मग झिपरीने कशात बसायचे ते झिपरीवालीने बघावे.

वकिलांनी सांगितले होते की ज्याला काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार करू नये, पुढे वाद होतो. म्हणून मी साक्षीदार म्हणून वर्षाराणीचेच नाव टंकले. म्हणजे तिला काही न मिळणे हे नियमानेच झाले असते, माझ्या मनाने नाही. रविवारी तिला फोन केला.

ती म्हणाली, "येतो ना. कुठी सही कराची तेवढं दाखवजो. मी काही वाचून नाही पाहत."

वाचल्याशिवाय सही करू नये, असे मी म्हणाले.

"तुह्या लिवण्यात चूक राह्यते काय कदी? एक ते दार सोडलं त!" मग हसणे थांबवून म्हणाली, "पन वैजू, नागपूरले जायच्या आंदी बाराव्या अंकाचं यान पाठवून देजो मा. मी बसली हाव रिकामी."

तोवर गोष्ट लिहून ठेव, असे मी सुचवले.

"कायची गोष्ट? तुह्या खिडक्या पाह्यल्याबिगर मले कदी गोष्ट सुचली काय? मोठी खिडकी दिसली का ढवळ्या येते, कोपऱ्यातली दिसली का बुंदी. तुहं यान नाही आलं त माहं पान कोरंच राह्यते."

हे तू कधी बोलली नाहीस, असे मी म्हणाले.

"तू कदी इचारलं?"

पाच वर्षांत मी विचारले नव्हते. तरी तिने आपणहून सांगायला हवे होते, असे माझे आजही मत आहे.

९. सबब पहिला मसुदा रद्द. यानाचे सर्व ४६ कागद आणि त्यांवरील माझा हक्क मी वर्षाराणी सेवालाल आडे हिला देते. अटी तीन.

(अ) मुखपृष्ठावर दोघींची नावे एकाच मापाच्या अक्षरांत असावीत. पट्टीने मोजावीत.

(ब) दार साठ सेंटीमीटरच राहू द्यावे.

(क) ७१ खिडक्या भरेपर्यंत दुसऱ्या कोणाकडून यान काढून घेऊ नये. येथे मी आधी 'कधीही' असा शब्द लिहिला होता. तो ठेवला तर एक दिवस कागद संपतील आणि ती कोरी बसेल. ते मला चालेल की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. चालणार नाही. खिडक्या भरल्या की तिने दुसरे कोणी शोधावे. मात्र त्याची रेष माझ्याइतकी बारीक नसावी.

वरील मजकूर मी वाचला, मोजला आणि खाली नमूद साक्षीदारांदेखत सही केली. त्यांना यातून काहीही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

ठिकाण: वाशीम
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५

सही: वै. भि. खिल्लारे

साक्षीदार १: जगदेव नामदेव कांबळे, कचेरीतील सहकारी. सही.

साक्षीदार २: ~~वर्षाराणी सेवालाल आडे~~ हिरीबाई मोतीराम पवार, शेजारीण. सही.

(साक्षीदार २ येथील पहिले नाव मी स्वतः खोडले आहे. ती सही करायला आली होती, पेन हातात घेऊन. आता तिला सही करता येणार नाही. का, ते तिला अजून सांगितलेले नाही. वै. भि. खि.)