सलीमची कोरडी केबिन

मंगळवार, अंबड

ट्रकची गळती आज थांबली एकदाची. खुश व्हायला पाहिजे, पण जीव जळून राह्यलाय.

सलीमनं अन् मी एकाच आठवड्यात सारखाच ट्रक घेतला. त्याची केबिन पहिल्या दिवसापासून कोरडी. माझ्या केबिनीत मात्र पाऊस आला की ड्रायव्हरच्या सीटवर पाणी. चारदा जालन्याला शोरूमला गेल्तो. दरवेळी मॅनेजरचं एकच, "काच उघडी राहत असंल तुमची. हे वॉरंटीत बसत न्हाई."

आज सलीम सोबत आला. मी बोलावलं नव्हतं, त्याचा तोच आला. मॅनेजरला म्हणला, "मी काचा लावून आत बसतो. तुम्ही वरून पाण्याचा पाइप मारा." दहा मिनिटांत समोरच्या काचेच्या कोपऱ्यात त्यानं बोट ठेवलं. रबर बराबर बसलंच नव्हतं. मॅनेजरनं मुकाट्यानं वॉरंटीत काच नव्यानं बसवून दिली, वर त्याला 'साहेब' म्हणला. मला चार चकरांत कोणी साहेब म्हणलं न्हाई. केबिन त्याची कोरडी, मंग अक्कलही त्यालाच?

येताना त्याला नाक्यावर उतरवलं. चहासुद्धा विचारला न्हाई. घरी येऊन बायकोला सांगितलं, "गळती मीच शोधली."

ती म्हणली, "माहितीये. आत्ताच सलीमभाईंचा फोन आल्ता. म्हणले, भाभी, आज भाऊनं गळती शोधून मॅनेजरला गप केलं."

मी खाली मान घालून जेवलो. असं कशाला म्हणावं त्यानं? आता तर त्याचा जास्तच राग येऊन राह्यलाय.