पांढऱ्यावर निळे पंजे

लल्ला तामू वन्संना लाराशहून भावजय बतूलचा आदरपूर्वक सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? तेतुआनला थंडी वाढली असेल. ऑलिव्हचं तेल कोमट करून चोळा (चोळणार नाही हे माहीत आहे, तरी लिहिते). फोन न करता पत्र पाठवते आहे, कारण फोनवर तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं असा आपला जुना रिवाज आहे, आणि या वेळी मला थोडं बोलायचं आहे.

तुमचे चुलतभाऊ हाज्जी अल्लाल यांनी तुम्हाला कळवलं म्हणे, की सल्लामची विधवा, म्हणजे मी, सुतकाचे पांढरे कपडे टाकून निळ्या पायघोळ जेल्लाब्यात क्लबमध्ये मुलींबरोबर उड्या मारत होती. त्यातलं निळं कुठून आलं ते सांगते. उड्यांचं म्हणाल तर हाज्जींचं वय झालं, नजर पूर्वीची राहिली नाही.

सल्लाम क्लबमध्ये व्हॉलीबॉलच्या मुलींना शिकवायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचा की हा जन्मभर पोरींना बेडकासारखं उडवतोय. त्या मुलींत इतिमाद म्हणून एक आहे, जाळी विणणाऱ्या मुख्तारची. बुटकी, पण पायांत स्प्रिंग घातल्यासारखी. सल्लाम म्हणायचे, हिची उंची कुणी मोजू नये, उडी मोजावी. मुख्तारने या खेपेला साफ सांगितलं होतं, रबातच्या संघात निवड झाली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून तारल्यांच्या कारखान्यात डबे भरायला. आणि निवड करणारे ज़ेरवाली साहेब रबातहून नेमके माझ्या सुतकात आले. विधवेने गरजेशिवाय उंबरा ओलांडू नये हे मला कळतं. ही गरज होती. (इमामसाहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते विचारात पडले असते, आणि त्यांचा विचार फार वेळ चालतो.)

साहेबांनी एक विजेची चटई आणली होती. तिच्यावर उडी मारली की पाय किती वेळ हवेत होते ते ती सांगते. आमच्या समुद्राची दमट हवा तिला मानवली नाही. पहिल्या मुलीने उडी मारली, चटई म्हणाली, मुलगी अजून खाली आलेली नाही. मुलगी शेजारी उभी राहून केस बांधत होती. साहेब चटई गुंडाळायला लागले, म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." आणि इतिमादकडे बघून, "तसंही हिची उंची..."

"ती नाही मोजायची," मी म्हटलं. वन्सं, परक्या पुरुषाचं बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदा मध्येच तोडलं. "भिंत आहे ना. भिंतीला दमट हवा लागत नाही."

सल्लामची रीत साधी होती. बोटांना रंग लावायचा, भिंतीला खेटून उभं राहून हात ताणून एक खूण करायची, मग जागच्या जागी उडी मारून दुसरी. मधलं अंतर तेवढी पायांतली ताकद. भिंत पांढरी, त्यामुळे खडू दिसत नाही, म्हणून ते नीळ वापरायचे, आणि ती माझ्या धुण्याच्या डब्यातून न विचारता न्यायचे. या वेळी डबा मीच नेला. शिडीवर चढून शिंप्याची टेप धरली. खाली मुली खिदळत होत्या, "बतूल मावशी, घट्ट धरा, नाहीतर आधी तुमचीच उडी मोजावी लागेल!"

काही जणी पहिली खूण करताना खांदा चोरतात. हात थोडा आखडला की पुढची उडी फुकटात मोठी दिसते. मी शिडीवरून एकेकीचा खांदा ताणायला लावला. इतिमादने मात्र आपणहून इतका ताणला की साहेब म्हणाले, "पुरे, निखळेल." पण तिच्या पहिल्या दोन उड्या वायाच गेल्या. सारखी साहेबांच्या तोंडाकडे बघत होती. मुख्तार दारात उभा होता, तो मान वळवून बंदराकडे बघायला लागला. तेव्हा मी सल्लामचंच वाक्य म्हटलं, त्यांच्याच आवाजात म्हणायला गेले आणि आवाज भलताच निघाला: "वर बघू नकोस, बये. जमीन ढकल!"

तिने ढकलली. पंजा उमटला तो शिडीच्या माझ्या पायरीच्या वर, माझ्या कानाशी. साहेबांनी टेप दोनदा लावली, नाव लिहून घेतलं. मुख्तार माझ्याकडे बघून म्हणाला, "कारखान्याला काय सांगू आता?" मी म्हटलं, "पोरगी हवेत आहे म्हणून सांग."

मग ती माझ्या गळ्यात पडली, तिच्यामागून सगळ्या. सगळ्यांचे हात निळीचे. हाज्जी अल्लाल नमाजाहून परतताना नेमके तेव्हाच डोकावले. एवढंच झालं.

धाकट्यांना आशीर्वाद, मोठ्यांना सलाम. गुडघे सांभाळा.

तुमची भावजय,
बतूल

ता. क. डाग निघत नाहीत. तुमचा एक पांढरा जेल्लाबा बसवाल्याबरोबर पाठवा. सैल होईल, चालेल. डागांचा मी धुतलाही नाही, घडी करून ठेवला आहे.

ता. क. २. पत्र खरं यासाठी लिहिलं. दीरांनी सल्लामकडची किल्ली क्लबवाल्यांना परत करण्याचं कबूल केलंय, मला न विचारता. किल्ली आणि शिट्टी माझ्याकडे आहेत आणि राहतील. सुतक संपलं की मुलींना मी शिकवणार. मी सांगितलं तर दीर हसतील. तुम्ही सांगितलंत तर गप्प बसतील. सांगा.

ता. क. ३. हाज्जींची नजर चांगली आहे. साहेब आणि मुख्तार गेल्यावर मुलींनी आग्रह केला, आणि हाज्जी डोकावले ते खरं तेव्हा. सल्लाम लग्न झाल्यापासून म्हणायचे, एकदा तरी उडी मारून दाखव, आणि मी लाजून स्वयंपाकघरात जायची. भिंतीवर सगळ्यांत खालचे दोन पंजे माझे आहेत. मध्ये तीन बोटांचं अंतर आहे. ते असते तर म्हणाले असते, खांदा चोरलास. चोरला नव्हता.