वर जाताना दूध

३ मार्च
बायकोचा फोन. तिचं ट्रेनिंग आता वर्षभर चालणार. टिकलीला घेऊन भेटायला ये म्हणाली. सासूबाई लगेच मध्ये पडल्या. सात महिन्यांचं पोर, आईजवळच राहू दे, मीही तिकडेच राहते, जावईबापूंना काय कळतंय त्यातलं. मी बजावलं, पोरगी माझ्याबरोबर परत येणार. त्या म्हणाल्या, आधी विमानात एकट्याने सांभाळून दाखवा, मग न्या. मी शेजारी बसेन, पण बोट लावणार नाही.
मान्य. बाई हरणार.

५ मार्च
विमान वर-खाली होताना बाळांचे कान दुखतात. हवेचा दाब. मी फ्रिजमध्ये गॅस भरणारा माणूस, मला दाब कोण शिकवणार? बाळ काहीतरी गिळत राहिलं की कान मोकळे. म्हणून टिकलीला आधी उपाशी ठेवायचं. ऐन वेळी बाटली कशी सोडते बघू! सासूबाई म्हणाल्या, अहो, पोर आहे ते, पंप नव्हे.
दहावीपर्यंत पोचलेल्या माणसाशी हे असं बोलणं.

८ मार्च
रंगीत तालीम. टिकलीला मांडीवर बांधून मिक्सर चालू ठेवला, इंजिनाची सवय व्हावी म्हणून. ती हसली. वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. सकाळपासून काय दळताय म्हणे. माणसाला विज्ञान नको असतं.

११ मार्च, विमानात
डाव्या हातात टिकली, उजव्यात पेन. विमान जागचं हलत नाही. पुढे रांग आहे म्हणे. टिकली बेंबीच्या देठापासून ओरडते आहे. बाटली माझ्या मांडीखाली. आता दिली तर वर जाताना काय देऊ? हवाईसुंदरी म्हणाली, सर, दूध द्या ना तिला. सल्ले फुकट, पाणी विकत. पुढचा सूटवाला सारखा वळून बघतो. त्याला विचारलं, तुम्ही जन्मलात तेव्हा टाय लावूनच आलात का.

थोड्या वेळाने
दिली. अर्धीच द्यायची ठरवली होती. सगळी प्यायली आणि झोपली. सासूबाई खिडकीबाहेर बघत हसल्या. काचेत दिसलं मला.

त्याच दिवशी, उतरल्यावर
विमान पळू लागलं तरी टिकली गाढ झोपलेली. झोपेत कुठलं गिळणं! उठवली. तळव्याला गुदगुल्या, गालाला गार हात. उठली ती उठलीच. सगळं दूध सूटवाल्याच्या खांद्यावर. संपूर्ण प्रवासभर आरडाओरडा, आणि खाली येताना द्यायला बाटली रिकामी. सासूबाईंनी विचारलं, लावू का आता बोट? मी म्हणालो, लावा. त्यांनी पर्समधून चोखणी काढली. पोरगी चिडीचूप.
चोखणी आधीपासून पर्समध्ये होती! कट आहे हा.

१२ मार्च
बायकोने एकच विचारलं, झोपलेल्या पोरीला तू उठवलंस? टिकली इथेच राहणार. मी पूर्ण विचारांती परवानगी दिली.

१५ मार्च, परतीच्या विमानात
मांडी मोकळी. काय आराम! पाय पसरले. कोणी ओरडत नाही. खाली येताना कानांत सुया टोचू लागल्या, डोळ्यांतून पाणी. हवाईसुंदरी तीच. चघळायची गोळी दिली आणि म्हणाली, सर, गिळत राहा.
विमान थांबलं. कान मोकळे झाले. माणसं बॅगा काढून उतरलीसुद्धा. डोळ्यांचं पाणी मात्र चालूच आहे.
दाब हळूहळूच उतरतो. मला त्यातलं कळतं.