बशीतली कॉफी आणि विहिरीखालची दोन एकर

मी, तुळजाबाई लिंबाजी आगलावे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती व घरकाम, राहणार मौजे येरमाळा, तालुका कळंब, जिल्हा धाराशिव, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, असं इथं लिहावंच लागतं, असं दस्तलेखक बलभीम म्हणतो. तर लिही बाबा, ठिकाणावर आहे. नसलं तर मला तरी कसं कळावं? यापूर्वी केलेलं मृत्युपत्र या दस्ताने रद्द समजावं. ते केलं तेव्हा मी कॉफी पीत होते, त्यावरून सगळा घोळ झाला.

माझे पती लिंबाजी वारले. थोरला लेक वैजनाथ किडनीच्या दुखण्यानं गेला. त्याची बायको दीपाली माझ्याजवळ राहते, तिला मूलबाळ नाही. धाकटा रणधीर मुरुम गावी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. सासरची जमीन वैजनाथच्या दवाखान्यात अन् रणधीरच्या दुकानात गेली. आता राहतं घर आहे, दोन शेळ्या आहेत, भांडीकुंडी आहेत, आणि विहिरीखालची दोन एकर आहे. ती दोन एकर मला माझ्या आईनं दिली. सातबारा माझ्या एकटीच्या नावे आहे.

कलम एक. घराची पुढची बाजू रणधीरला. मागच्या दोन खोल्या अन् न्हाणी दीपालीला. मधल्या दाराला कुणीही कडी घालू नये.

कलम दोन. विहिरीखालची दोन एकर. हे कलम रिकामं ठेव बलभीम, माझं ठरायचंय. पुढचं घे.

कलम तीन. तांब्याचं मोठं पातेलं जाऊबाईंकडे आहे. नातीच्या बारशाला म्हणून नेलं, ती नात आता कॉलेजात जाते. ते त्यांच्याकडंच राहू द्यावं. पण तुळजाबाईनं दिलं असं कुणी म्हणू नये, त्यांनी ठेवून घेतलं असं म्हणावं.

कलम चार. दोन्ही शेळ्या शेजारच्या सिताबाईला. तिला जनावराची पारख आहे, आमच्या घरात कुणालाच नाही.

कलम पाच. कॉफीच्या अभ्यासात घेतलेले माझे रक्तदाबाचे आणि नाडीचे आकडे डॉक्टर शिवांजलीबाईंनी खुशाल वापरावेत. मात्र त्यासोबत खालची हकीकतही छापावी, नाहीतर खोटं होईल.

मागच्या साली मेडिकल कॉलेजची माणसं गावात आली. कॉफीनं माणसाच्या झोपेला, छातीला, रक्तदाबाला काय होतं ते त्यांना बघायचं होतं. आपखुशीनं येणारी माणसं पाहिजे होती. मी अन् सिताबाईनं नाव दिलं. फुकट तपासणी होती, अन् सकाळी चार बायका भेटणार होत्या. शिवांजलीबाईंनी आधी सगळं समजावून सांगितलं. निम्म्यांना खरी कॉफी, निम्म्यांना तिच्यातला जोर काढून घेतलेली. रंग तोच, वास तोच. कुणाच्या वाट्याला कोणती, हे आम्हाला ठाऊक नाही अन् त्यांनाही नाही. चहा बंद. आपला कप आपणच प्यायचा.

आता समोर बाई बसलीय अन् आपण एकटीनं कप तोंडाला लावायचा, ही कुठली रीत? मी माझ्यातली निम्मी बशीत ओतून सिताबाईपुढं सरकवली. तिनं तिच्यातली निम्मी मला दिली. कपभर तिच्या पोटात गेली, कपभर माझ्या, म्हणजे नियम पाळला असंच आम्हाला वाटलं. सगळ्याच बायकांनी तसं केलं. नर्स काही बोलली नाही, कारण तिलाही कुणीतरी बशी दिली होती.

त्या दिवसांत मी निराळीच झाले. छाती धडधडायची, पण डोकं लख्ख. बांध कोरणाऱ्या चुलत दिराला मी चारचौघांत जाब विचारला. आणि एके दिवशी कुणाला न सांगता एसटीनं कळंबला गेले अन् मृत्युपत्रात दोन एकर दीपालीच्या नावे लिहून आले. जन्मात कधी एकटी कळंबला गेले नव्हते. सिताबाई मात्र तीच कॉफी पिऊन भिंतीला टेकून पेंगायची.

रणधीरला कळलं तसा तो आला. आवाज चढवला नाही. माझ्या पायाशी बसून म्हणाला, "आई, ते तू न्हाई लिवलंस. कॉफीनं लिवलंय." वकिलानंही त्याला म्हणे तसंच सांगितलं होतं. सिताबाईचं म्हणणं, गावची देवी येडाई अंगात आली असंल. माझं नाव कुणीच घेईना. अन् खरं सांगायचं तर मलाही वाटलं, असंल बाई.

शिवांजलीबाईंना गाठून विचारलं, मला कोणती होती तेवढं सांगा. बोलता बोलता बशीचं निघालं. त्यांनी कपाळाला हात लावला. रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या की बशीत दोन्ही मिसळल्या, आता कॉलेजनं सांगितलं तरी तुमचं कळायचं नाही, आजी.

तेव्हापासून मी कॉफी सोडली, चहासुद्धा सोडला. नुसतं कोमट पाणी पिते. डोकं धुऊन निघू दे, मग ठरवू म्हटलं. पण सकाळी वाटतं रणधीरला द्यावी, पोटचा आहे, दुकान धड चालत नाही. दुपारी वाटतं दीपालीला. तेव्हाचा जोर माझा होता का कॉफीच्या पुडीतला, हे मला अजून उमगलेलं नाही. आता बलभीम लेखणी धरून बसलाय अन् म्हणतो, मावशी, कलम दोन सांगा.

तर सांगते. परवा दीपाली माझ्या डोक्याला तेल लावत होती. आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात. ती म्हणाली, "आत्या, कॉफीनं दिली असंल तर मला ती जमीन नको. म्या हाय तशी ऱ्हाईन. तुमी दिली असंल तरच घेते."

मला तिचा लई राग आला. मी म्हटलं, "वैजनाथ गेला तवा तुझा भाऊ गाडी घिऊन दारात हुबा होता. तू तुझं गाठोडं उचलून परत घरात आणलंस. ते म्या बघितलं, ते बघाय कॉफी आली हुती का?"

तिचा हात माझ्या डोक्यावर तसाच राहिला.

कलम दोन. विहिरीखालची दोन एकर जमीन, विहिरीसह, माझी सून दीपाली वैजनाथ आगलावे हिला, कायमच्या मालकीने. मन अजून थाऱ्यावर नाही, हे मी लपवत नाही. तरी देते. रणधीर दाराबाहेर उभा आहे. आत बोलावलं तर येत नाही, अन् जातही नाही. त्यानं एवढंच ऐकावं की दीपालीला आईनं दिलं, शुद्ध पाणी पिऊन दिलं.

मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे.

लिहून देणार: तुळजाबाई लिंबाजी आगलावे (सही)

साक्षीदार:
१. डॉ. शिवांजली (सही). तुळजाबाई माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत बोलल्या.
२. सिताबाई बिराप्पा, राहणार येरमाळा (डाव्या अंगठ्याचा ठसा)

लेखक: बलभीम, दस्तलेखक, कळंब

ठिकाण: येरमाळा
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५