पाकिटातलं शेवटचं पान

मुलुंड (पूर्व),
२१ सप्टेंबर १९८६

प्रिय मित्र भीमराज यास,

लवूचा सप्रेम जयभीम. नाशकाला गेल्यापासून तुझं पत्र नाही, तेव्हा तुझी प्रकृती ठणठणीत आहे असं मी धरून चालतो (आजारी असतास तर निदान गोळ्यांची नावं कळवायला लिहिलं असतंस). वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल. सुगंधाचा गुडघा दुखतो, पण त्याचा तिच्या बोलण्यावर काही परिणाम नाही. पत्राचं कारण म्हणशील तर तुझी बहीण. शकुने आमच्या मंडळाची पार वाट लावली आहे, आणि थोरला भाऊ म्हणून तू तिला चार शब्द सुनवावेस एवढ्यासाठी हे पत्र. आधी सगळं ऐकून घे आणि मग कोणाची बाजू घ्यायची ते ठरव. (माझी घे.)

बॅरिस्टर रणशूरच्या रहस्यकथा तुला आठवत असतील. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत आपण दोघं एकच पुस्तक मधोमध फाडून वाचायचो. पुढचा अर्धा तुझा आणि मागचा माझा, त्यामुळे मला खुनी आधी कळायचा आणि खून दुसऱ्या दिवशी. संपात मिल गेली, तू नाशिक गाठलंस, मी इथे एका औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये चिकटलो, आणि रणशूरच्या लेखकानेही लिहिणं थांबवलं. वाचनालयात आम्ही काही जण दर शनिवारी नवं पुस्तक आलं का विचारायचो आणि तोंड पाडून परत यायचो. शेवटी अकरा जणांनी ठरवलं की लेखक लिहीत नसेल तर रणशूर आपण लिहू. असं आमचं ‘रणशूर चाहते मंडळ’ निघालं. तीन महिन्यांनी एक हस्तलिखित अंक निघतो. त्याची एकच प्रत, ती घरोघर फिरते आणि एका घरी तीन दिवस राहते (अनुपमाबाईंच्या घरी अकरा दिवस, कारण त्यांचे यजमान सावकाश वाचतात आणि ते वाचतात हे त्यांना कबूल करायचं नसतं).

आमचा एक नियम नीट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. कथा निवड समितीकडे द्यायची ती शेवटचं पान काढून. ते पान वेगळ्या पाकिटात, पाकीट डिंकाने बंद. कथा पसंत पडली तर पाकीट फोडायचं, नापसंत झाली तर न फोडता लेखकाला परत. हा नियम करावा लागला, कारण पहिल्या अंकाच्या वेळी आमचे अध्यक्ष चंद्रप्रकाशराव दुधाच्या रांगेत उभे राहून खुनी कोण ते सगळ्यांना सांगत सुटले होते.

आता आमच्या मंडळाइतकं मोकळ्या मनाचं मंडळ अख्ख्या मुलुंडात नाही, हे मी छातीठोक सांगतो. प्रत्येकाची आवड वेगळी आणि प्रत्येकाला मुभा. चंद्रप्रकाशरावांच्या कथांत रणशूर दर वेळी बँकेतली अफरातफर पकडतो (ते बँकेत आहेत, आणि त्यांच्या साहेबाचं नाव दर वेळी खुन्याला असतं). अनुपमाबाईंच्या कथांत रणशूर आणि त्याचा मित्र डॉक्टर सरदेसाई खंडाळ्याच्या बंगल्यात राहतात, एकमेकांना मफलर विणून देतात आणि खून होईपर्यंत खिचडी रांधतात. त्यांची मैत्री जरा जास्तच दाट वाटते, पण खिचडीचं वर्णन इतकं झकास असतं की आजवर कोणी हरकत घेतली नाही. आमच्या एका सभासदाने रणशूरला चंद्रावर पाठवला. तिथे त्याने पाइप ओढला. चंद्रावर हवा नाही हे सगळ्यांना माहीत असूनही आम्ही ती कथा एकमताने घेतली, कारण आवड ज्याची त्याची.

शकुला मंडळात मीच आणली. आधी सगळ्यांची अक्षरं वेगवेगळी असायची आणि माझं तर मलाच लागायचं नाही. शकु म्युनिसिपल शाळेत बाई, फळ्यावर लिहिलेलं पुसवत नाही असं अक्षर. मी तिला विचारलं, तिने होकार दिला, आणि दोन वर्षं दर रविवारी गोवंडीहून, त्या कचरा डेपोच्या बाजूने, इथे येऊन तिने आमचे सात अंक उतरवून काढले. त्या दोन वर्षांत माझं नाव झालं, भीमराज. आधी मला लवू स्टोअरकीपर म्हणायचे, मग तावडेसाहेब म्हणायला लागले. खाडीत ओहोटी लागते आणि खुनी आपल्याच पावलांचे ठसे मोजत परत येतो, हा माझ्या एका कथेतला उतारा अनुपमाबाईंनी हळदीकुंकवाला पाठ म्हणून दाखवला होता. सुगंधाने घरी येऊन मला विचारलं, तुम्हाला ओहोटी कधीपासून कळायला लागली. मी म्हटलं, प्रतिभा असते. (याकडे परत येतो.)

तर या जूनमध्ये शकुने स्वतःची कथा दिली. कपाट दुरुस्त करायला आलेला सुतार अचानक आपल्या खुर्चीत येऊन बसावा, तसं आम्हाला झालं. रणशूरच्या पुस्तकांत एक हवालदार आहे, आठवतो? मोटारीचं दार उघडतो, कंदील धरतो, “जी साहेब” म्हणतो आणि बंगल्याबाहेर उभा राहतो. सत्तर पुस्तकांत त्याला नाव नाही. शकुने कथा लिहिली ती त्याची. पहिल्या पानावर ‘हवालदाराची कथा’ हे नाव, खाली तिचं नाव, गोवंडीचा पत्ता आणि सुरुवातीच्या चार ओळी. कथा समितीच्या सात जणांच्या घरी फिरली आणि सात शेरे घेऊन आली. अध्यक्षांनी लिहिलं, हवालदार हे पात्र मला व्यक्तिशः भावत नाही. अनुपमाबाईंनी लिहिलं, वातावरणाशी समरस होता आलं नाही. चंद्रवाल्या गृहस्थांनी लिहिलं, कथेला कचऱ्याचा वास येतो. दोघांनी नुसतं ‘वरील सर्वांशी सहमत’. एकाने ‘आमच्या घरी बायकामुलं वाचतात’. सातवा मी. मी लिहिलं, भाषा अजून घासायला हवी, बाकी माझा काहीच आक्षेप नाही, आवड आपली आपली. यात कोणाच्या मनात काडीचं काही नव्हतं, हे तूही मान्य करशील. माणसाला दोडका आवडत नाही म्हणजे त्याचं दोडक्याशी वैर असतं का?

जुलैच्या सभेत अध्यक्षांनी बंद पाकीट दोन्ही हातांनी, मानाने परत केलं. शकुने शेरे मोठ्याने वाचले. मग कथेची वही टेबलावर मधोमध ठेवून ती म्हणाली, “बरं. आता प्रत्येकाने न आवडलेलं एक पान उघडून दाखवा.” चंद्रप्रकाशराव पुढे सरसावले आणि पान उलटायला गेले तर उलटेना. अनुपमाबाईंनी नख लावून पाहिलं. पहिलं पान सोडून पुढची सगळी पानं तिने कडेला खळीने हलकी चिकटवली होती. शाळेत पालकांची सही आणायला वह्या घरी पाठवतात ना, तेव्हा कोण उघडून सही करतं आणि कोण न उघडता, हे ओळखायची तिची जुनी युक्ती आहे म्हणे. खळ कुठेच सुटली नव्हती. अकरा जासूस बसलो होतो तिथे, त्यातल्या सात जणांनी ती वही तीन-तीन दिवस घरात ठेवली होती. एकालाही खळीचा वास आला नाही, गोवंडीचा मात्र आला. चंद्रावर हवा नाही हे चाललं आणि गोवंडीची हवा चालली नाही, असं ती जाताना म्हणाली. पाकीट पर्समध्ये टाकलं, वही तशीच टेबलावर ठेवली आणि गेली. ही का वागायची पद्धत झाली? वडीलधाऱ्या माणसांची अशी परीक्षा घ्यायची असते का?

मी घरी येऊन सुगंधाला सगळं रागारागाने सांगितलं. ती कोलंब्या सोलत होती, मान वर न करता म्हणाली, “न वाचताच शेरो मारलात? मगे सही खंयच्या तोंडान केलात?” मालवणी माणसाला घरात सहानुभूती मिळत नाही, हे तुला मी मिलमध्येच सांगितलं होतं.

यानंतर जे झालं त्याला पूर्णपणे तुझी बहीण जबाबदार आहे. गणपती अंक उतरवायला कोणी नाही, म्हणून अध्यक्षांच्या आज्ञेने प्रत्येकाने आपापली कथा आपल्या हाताने, होती तशी उतरवली. माझी कथा खारदांड्याच्या एका नाखव्याच्या खुनाची. तिच्यात रणशूरला दुसऱ्या पानावर डाव्या हाताला गोळी लागते, चौथ्या पानावर उजवा हात झोळीत असतो आणि सहाव्या पानावर तो दोन्ही हातांनी वसईची खाडी पोहून जातो. मेलेल्या नाखव्याचं नाव द्यायचं राहून गेलं. पुढे आठवलं तेव्हा दिलं, पण तेच नाव मी पोलीस कमिशनरला आधीच देऊन बसलो होतो, त्यामुळे कमिशनर स्वतःच्या प्रेताचा पंचनामा करतात. आणि पाकिटातून जो खुनी निघाला तो कथेत कुठेच नव्हता. अंक फिरायला लागल्यापासून लोक मला रस्त्यात थांबवून हळू आवाजात तब्येत विचारतात. दुधाच्या रांगेत परवा कोणीतरी मला पुन्हा लवू म्हणालं.

मग मी ट्रंकेतून माझ्या जुन्या कच्च्या प्रती काढल्या आणि शकुने उतरवलेल्या अंकांशी ओळ न ओळ ताडून पाहिल्या. दोन वर्षं, सात कथा. त्यात माझं म्हणावं असं रणशूरचं नाव होतं आणि पूर्णविराम होते, त्यातलेही निम्मे तिने हलवले होते. ओहोटीचा उतारा माझ्या प्रतीत नाहीच. माझ्या प्रतीत तिथे ‘मग खुनी घरी गेला’ असं आहे. म्हणजे बघ, दोन वर्षं तिने मला अंधारात ठेवलं. ही फसवणूक नाही तर काय? तेव्हा तू तिला चार शब्द सुनवच.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा. उलट टपाली उत्तर धाड.

तुझा,
लवू

ता. क. १ : चार शब्द सुनवताना फार कडक सुनवू नकोस. दिवाळी अंकासाठी माझी चाळीस पानांची महाकथा जाहीर झालेली आहे, वाचनालयाच्या फळ्यावर खडूने तसं लिहिलंय. शकुने ती फक्त उतरवून द्यावी. काही बदलायची गरज नाही. म्हणजे, हातांचं तेवढं बघावं. आणि खुनी कोण ते तिला सुचलं तर माझी हरकत नाही.

ता. क. २ : वरचं लिहून पत्र दोन दिवस खिशात ठेवलं, पेटीत टाकवेना. ती टेबलावरची वही त्या दिवशी मीच उचलून घरी आणली होती. काल गॅलरीत बसून सुरीला पाणी लावून एकेक पान सोडवलं आणि वाचलं. भीमराज, तिने हवालदाराचं नाव कुंडलिक ठेवलंय. तुमच्या वडिलांचं. चालण्याची ढबही तीच, तंबाखूची डबी दोनदा ठोकून उघडायची सवयही तीच. मोठी माणसं आत चहा पीत खुन्याचा विचार करत बसतात, आणि कुंडलिक बाहेर उभा असतो म्हणून कोण कधी आत गेलं, कोणाच्या चपला ओल्या होत्या, हे त्यालाच दिसतं. त्याला कोणी विचारत नाही. तुला आठवतं, कुंडलिककाका एकदा हसत हसत सांगत होते की त्यांच्या तरुणपणी विणकामाच्या साचा खात्यात धोट्यातला दोरा तोंडाने ओढायचे, आणि त्यांनी तोंड लावलेला धोटा दुसरं कोणी तोंडाला लावणार नव्हतं, म्हणून त्यांना तिथे घेतलं नाही, सगळा जन्म सूत काढायच्या रिंग खात्यात गेला. तेव्हाही कोणाच्या मनात काही नव्हतं म्हणे, ज्याची त्याची सवय होती. मी त्यांच्या ताटाशेजारी बसून जेवलेला माणूस. भाषा घासायला हवी असं लिहिलं, त्याच भाषेवर मी दोन वर्षं तावडेसाहेब होतो. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. शेऱ्यावरची माझी सही मी खोडली आहे. बाकी सहा जणांकडे वही उद्यापासून परत फिरवतोय, पानं सुटी करून. दिवाळी अंकात माझी महाकथा नाही, हे फळ्यावर मीच लिहिलं.

ता. क. ३ : खरं काम हे. वहीच्या शेवटच्या ओळीत बॅरिस्टर दार उघडून बाहेर येतो, त्याला आत बोलावतो, आणि लिहिलंय की ‘हवालदार कुंडलिक पहिल्यांदाच खुर्चीत बसला आणि म्हणाला,’. पुढचं पान पाकिटात, पाकीट शकुच्या पर्समध्ये, न फोडता परत केलेलं, आमच्याच नियमाप्रमाणे. तिच्याकडे मागायला मला तोंड नाही. मिलमध्ये मागचा अर्धा नेहमी मीच लाटायचो आणि तू कधी तक्रार केली नाहीस. या वेळी पुढचा अर्धा माझ्याकडे आहे. तिने तुला वाचून दाखवलं असेल, तर कुंडलिक काय म्हणाला तेवढं कळव.