दुपारी वळलेलं पान

आई, मी आता कंप्युटरवर काम करते. कंप्युटर म्हंजे काय ते तुला सांगत बसले तर दिस जाईल, म्हनून एवढंच सांगते. केडगावात टायरच्या दुकानावर एक हॉल हाय, तिथं आमी बारा बाया ओळीनं बसतो आन समोर पडद्यावर पिकांचे फोटो येत्यात. पान बघायचं, पानाभवती चौकट काढायची आन खाली दाबायचं, निरोगी का रोगट. असे हजारानं फोटो बघितले की त्याच्यावरनं मशीन शिकतं, आन मग शेतकऱ्यानं मोबाईल पानासमोर धरला की मशीनच सांगतं काय झालंय. ह्याला डेटाचं काम म्हनत्यात. तू मला सातवीतनं काढून खुरपायला नेलीस तवा मास्तर घरी आले हुते, म्हनले, पोरगी हुशार हाय. तू म्हनलीस, "हुशार हाय तर तन आन पीक लवकर वळखंल." वळखलं बघ. त्याच्यावरच ह्यांनी मला घेतली.

पुण्याहून एक मॅडम येते. ती म्हनते, मशीनला शिकवनारे सगळे शहरातले, शिकलेले, त्यात बापेच जास्त, म्हनून मशीनला आपली मानसं आन आपली रानं कळत न्हाईत. तर तिला सगळ्या तऱ्हेच्या बाया पायजेत. सोनईकडच्या बागायती, पाथर्डीकडच्या जिरायती, चर्चला जानाऱ्या, वस्तीवरच्या, टाकलेल्या, लेकुरवाळ्या. भिंतीवर रंगीत कागद लावलाय, "इथे कुणालाही मागे सोडायचं नाही." मी कामाला लागले तवा मला चौथा महिना हुता. मी सांगितलं न्हाई. ओढनी पसरून बसायची. सातव्या महिन्यात खुर्ची मागं सारावी लागली तवा कळलं. मॅडम हसली, "अहो, सांगायचं ना! आपण त्याचसाठी तर आहोत." मी काय सांगनार? मी तुला बघितलेलं.

मी शाळंतनं सुटले त्या सालची गोष्ट. तू मुकादम, तुझी टोळी जवारीत खुरपायला हाय. अकरा बायांनी अकरा पाती धरल्यात, मी तुझ्या शेजारी. ऊन वर आलंय. बाकीच्या बांधाला पोचल्यात आन एक पोटुशी बाई मधीच बसलीय, एक हात कमरंवर ठेवून. तू पदरानं तोंड पुसतीस आन सगळ्यांदेखत म्हनतीस, "उद्यापासून येऊ नको." ती म्हनती, "आक्का, आठच दिस काढते, मग बाळंतपनाला जानारच हाय." तू म्हनतीस, "मग आठ दिस निज की, राणी हायस." सगळ्या हसतात. मी पन हसते, आन मग मला रडू येतं. त्याचा तुला राग आला. तू खुरप्याची मूठ माझ्या पाठीत घातलीस. "एकीपायी धा जनींचं काम घालवू व्हय गं? लई माया आली असंल तर तूच घिऊन बस तिला, आपल्या बापाच्या रानात." तवाच मी मनात म्हनले, मी हिच्यासारखी हुनार न्हाई. तू गेलीस तवा टोळीतल्या सगळ्या बाया मातीला आल्या, ती पोटुशी तेवढी आली नव्हती. मला बरं वाटलं हुतं. तुझं मढं दारात आन मला बरं वाटलं.

आता आमच्या कामाचा नेम ऐक. एकच फोटो तीन बायांना जातो. दोघींचं सारखं आलं की ते खरं, तिसरीचं चूक. चूक वाढली की नाव लाल हुतं, आन लाल राहिलं की तिला काढत्यात. दिवाळीपासून मला लीड केलीय, म्हंजे टोळीची मुकादम म्हन. मला एक बटन जास्तीचं हाय, शंका म्हनून. दोघी चुकत्यात आन एकटी बरोबर हाय असं वाटलं तर मी ते दाबायचं. मग पुण्याला कुनीतरी शिकलेलं मानूस तो फोटो बघतं. पन तवर सगळं काम थांबतं, आन माझे मार्क कमी हुतात.

पाथर्डीकडची, तिसगावची एक हुती आमच्यात. माझ्याच वयाची, नवऱ्यानं टाकलेली, पदरात माझ्या पोरीयेवढी लेक. मागल्या खोलीत तिच्या लुगड्याची झोळी बांधलेली, दोघींच्या पोरी आळीपाळीनं तिच्यात निजायच्या. मला ताप भरला तवा तिनं माझ्या पोरीला अंगावर पाजलं, तीन दिस. तिचं नाव सारखं लाल यायला लागलं. जवारीचे फोटो आले हुते, भर दुपारी काढलेले, पानं सुरळीवानी वळलेली. सोनईच्या दोघी दाबायच्या रोगट, आन ही दाबायची निरोगी.

मी म्हनले, "अगं, रोगट म्हन की. सगळ्या म्हनत्यात."

"का म्हनू? उन्हाचं पान वळतं, सांजच्याला जाऊन बघ, उघडलेलं असतं. ह्यो रोग न्हाई, तहान हाय."

सोनईची एक म्हनली, "आमच्याकडं कॅनॉल हाय बाई. असली वाळकी पानं आमी बघितलीच न्हाईत."

"तुमची पानं पानी पिऊन फुगल्यात," ती म्हनली, "तुमच्यासारखीच." सगळ्या हसल्या, सोनईची पन.

आई, मला ठाऊक हुतं. पानाची सुरळी मी तुझ्या शेजारी बसून किती बघितली असंल. माझ्याकडं तसले फोटो आले की मी पन रोगटच दाबायची. सोनईकडच्या बाया जास्त, मी त्यांच्याकडनं व्हायची, माझं नाव हिरवं राहायचं. आमच्या बारा जनींत जिरायती रानातल्या दोघीच, ती आन मी. मी तिच्याकडनं झाले असते तर आमा दोघींना आलेल्या फोटोत नेम उलटा फिरला असता, सोनईचीच चूक ठरली असती.

मग मॅडमचा फोन आला. "एकीचं सतत चुकतंय, सगळ्या सेंटरचा आकडा खाली येतोय. लीड म्हणून तुम्हीच काय ते ठरवा." मी भीत भीत इचारलं, "मॅडम, शंका टाकू का?" ती म्हनली, "टाका की, तुमचा अधिकार आहे. पण तुमच्या शंका आधीच जास्त झाल्यात, आणि तुम्हाला पक्कं करायचं आमच्या डोक्यात आहे." मी म्हनले, "मग ऱ्हाऊ द्या." मग ती म्हनली, "तुम्हीच सांगा त्यांना. तुम्ही त्यांच्यातल्या आहात, तुमच्या तोंडून ऐकलं की कमी लागेल."

मी सांगितलं. डबा खाऊन झाल्यावर, मागल्या खोलीत. "उद्यापासून येऊ नको." तुझंच वाक्य तोंडात आलं, दुसरं आलंच न्हाई.

"का गं?"

"लाल येतंय तुझं."

"मी बरोबर हाय. तुला म्हाईत हाय मी बरोबर हाय."

"मला काय म्हाईत न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं, लई येळ न्हाई. झोळी तिची हुती, ती सोडायला लागली. माझी पोरगी आत निजलेली. तिनं तिला उचलून माझ्या मांडीवर दिली, म्हनली, "मान धर तिची." लुगडं घडी घातलं, लेक कडंवर घेतली आन गेली. आता तिकडंच खुरपायला जाते म्हनं. मी फोन केलेला न्हाई.

त्याच्यानंतर मॅडम मला नगरच्या एका कॉलेजात घिऊन गेली. माईक दिला हातात. जीन घातलेल्या पोरी, चष्मेवाल्या. एक उठली, "ताई, आम्हाला या क्षेत्रात यायचंय, पुढं कसं जायचं?" मी म्हनले, "भ्यायचं न्हाई. आन एकमेकींना धरून चालायचं." लई टाळ्या पडल्या, एकीनं तर लिहून घेतलं. मी खोटं बोलतीय असं मला तवा वाटलं पन न्हाई. घरी आले, पोरीला पाजलं, भाकरी टाकल्या, आन पाडव्यापासून पक्की करनार म्हनून सासूला सांगितलं. सासू म्हनली, "बरं झालं. न्हाईतर उद्या कुठं जानार हुतीस?" तेवढंच भ्याव मला दिसरात हाय, आई. उद्या कुठं जाऊ. माझं काम गेलं तर पोरगी सातवीत माझ्या शेजारी पात धरंल.

गेल्या आठवड्यात आण्णाचा फोन आला. तू गेल्यापासून एकटाच करतोय रान. गावात ते मोबाईलवरचं मशीन वापरून बघायला दिलंय. फोन त्यानं मोठ्या आवाजावर लावलेला, मागं पारावरच्या मानसांचा कालवा.

"पोरी, जवारीला मोबाईल धरला तर रोग सांगतंय, औषध मारा म्हनतंय. मला तर नुसती तहानलेली दिसती गं."

मी फोन घिऊन दाराबाहेर आले.

"तूच शिकवलंस ना ह्याला?" म्हनला. मागं कुनाला तरी सांगितलं, "माझी पोरगी शिकवती, केडगावात." मग मला, "मग तू सांग. मी माझ्या डोळ्याचं ऐकू का ह्याचं?"

आई, त्याला चाळीस वर्षं झाली त्या रानात. मी म्हनले, "ह्याचं ऐका, आण्णा. मारा औषध." उलटं बोलले असते तर पारावरनं मॅडमपतूर जायला किती येळ लागतो? तो पारावरच्यांना म्हनला, "बघा, माझ्या पोरीचं मशीन चुकायचं न्हाई, म्हनलं नव्हतं?" लई खुशीत हुता. आता पाठीवर पंप घिऊन तहानलेल्या जवारीवर फवारत असंल.

हे कागद हापिसातले हायत, मागनं कोरे. लिहून झालं की चुलीत घालते, ठेवून भागायचं न्हाई, नवऱ्याला वाचता येतं. ती तिसगावची बरोबर हुती, हे मी अजून कुनाला सांगितलं न्हाई. तुला पन, तू जित्ती असतीस तर सांगितलं नसतं.