गप्प बसली म्हणून निवडली

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
१६ जानेवारी २०२५

ती. स्व. सुहासिनी आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ सोबतच्या पुडीत आहे. आधी तो खा आणि मग पत्र वाच, म्हणजे रागावलीस तरी गोड रागावशील. फोनच केला असता, पण तुझ्या कानाच्या मशीनमधून तुला नुसती शिट्टी ऐकू येते आणि तू आपली 'छान छान' म्हणत राहतेस. मागे मी ताप आलाय म्हणाले तेव्हाही छान म्हणालीस. त्यापेक्षा पत्र बरं.

तर आमच्या शेवटच्या वर्षाला आता नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या कॉलेजात यायला लागल्यात. पहिली येतेय ती सॉफ्टवेअरची. तिला केमिकल काय, सिव्हिल काय, सगळे सारखेच. पोत्यात भरून नेल्यासारखी मुलं नेते. कॉलेजचा नियम असा, की येईल त्या कंपनीच्या परीक्षेला बसायचंच. दांडी मारली तर पुढे कुठेच बसू देणार नाहीत. आणि एका ठिकाणी निवड झाली की बाकी सगळ्या कंपन्यांची दारं बंद, एका मुलाला एकच नोकरी. प्लेसमेंटच्या सरांना माहितीपत्रकात मोठा आकडा छापायचा असतो, म्हणून ते पहिल्याच दिवशी जमतील तेवढे खपवतात.

मला हवी आहे ती अंबरनाथ एमआयडीसीतली कापडाचे रंग बनवणारी कंपनी, आणि ती येणार मार्चमध्ये! मला प्लांटवर शिफ्ट इंजिनीअर व्हायचंय, आत्या. रिअ‍ॅक्टरमध्ये रंग शिजत असताना त्याच्या शेजारी उभं राहायचंय. चार वर्षं केमिकल शिकले ती एसीत बसून दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला नाही.

म्हणून मी बेत केलाय. लेखी परीक्षेत मुद्दाम चुकायला मला जमत नाही, हात आपोआप बरोबर उत्तराकडे जातो. पण नंतर ग्रुप डिस्कशन असतं, आठ-दहाजणांना एक विषय देऊन बोलायला लावतात. तिथे मी तोंडच उघडणार नाही. माझा वर्गमित्र हरेश, उल्हासनगरचा, घरचं जीन्सचं दुकान आहे, त्याला ही नोकरी मनापासून हवी आहे. तो म्हणतो, तू टेन्शनच घेऊ नकोस, चूपचाप बैस, तुझ्या वाटणीचंही मीच बोलून टाकतो.

बाबांना यातलं काही कळवू नकोस. कळावे, लोभ आहेच, तिळगुळाने थोडा वाढावा.

तुझी लाडकी
अनुया


देवरुख
२१ जानेवारी २०२५

चि. अनुयास,
अ. उ. आ.

तिळगूळ पोचला. दगड झाला होता, यज्ञेशने बत्त्याने फोडून दिला. आईला सांग, पाक जरा आधी उतरवत जा.

तुझा बेत वाचून आधी हसले आणि मग घाबरले. अगं वेडे, गप्प बसू नकोस! अंबरनाथच्या कारखान्यात मी जन्म काढला, साहेब लोक माणसं कशी निवडतात ते जवळून पाहिलंय. बडबडणाऱ्या घोळक्यात एक मुलगी शांत बसलेली दिसली की ते हरखतात. समंजस आहे, ऐकून घेईल, जादा कामाला कुरकुर करणार नाही, असं सगळं ते तिच्या गप्प बसण्यातच वाचून घेतात. आपल्याकडे स्थळं बघायला येणारे करतात तसंच.

तुला नापासच व्हायचं असेल तर भांड. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोड, टेबलावर हात आपट. हे तुला घरी छान जमतं, तिथेही जमेल. पत्र वेळेवर पोचावं म्हणून यज्ञेशला कॉलेजात शिकवायला जाता जाता स्पीड पोस्टाने टाकायला सांगितलंय.

बाकी क्षेम. जेवत जा आणि लोभ कमी करू नकोस.

तुझी
आत्या


शिरगाव
२५ जानेवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वरातीमागून घोडं म्हणतात तसं तुझं पत्र आज आलं. माझी निवड काल झाली.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! विषय होता, मोबाईलमुळे माणसं जवळ आली की दूर गेली. हरेश पाणी प्यायलाही न थांबता बोलला. बाकीचे त्याच्यावर ओरडले, तो त्यांच्यावर ओरडला. मी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत बसले होते आणि मधूनमधून मान हलवत होते, कारण झोप येत होती. कंपनीच्या बाईंनी माझ्याबद्दल म्हणे शेरा दिला, की उत्तम श्रोता आहे, टीममध्ये चटकन मिसळेल. बिचारा हरेश पडला. आता तो माझ्याशी बोलत नाही, म्हणजे तोही उत्तम श्रोता झाला.

निकाल लागल्या लागल्या बाबांनी सोसायटीत पेढे वाटले. मला थांबवताच आलं नाही. कॉलेजच्या गेटवर निवडलेल्यांचा फ्लेक्स लागलाय, त्यात माझा आधारकार्डावरचा फोटो आहे. रुजू कधी व्हायचं ते मात्र कंपनी सांगत नाही. कागदावर लिहिलंय, व्यवसायाच्या गरजेनुसार. आमच्या कॉलेजचा मागच्या वर्षीचा प्रज्वल याच कंपनीत निवडला गेला होता. तो अजून रोज सकाळी उठून मेल उघडून बघतो. म्हणून मी फार खूश नाही, आत्या. रंगाच्या कंपनीचं दार माझ्यापुरतं बंद झालंय आणि ते मीच गप्प बसून बंद केलं.

आता एकच वाट दिसते, लेखी नकार द्यायचा. पण सर म्हणतात, नकार दिला तर कॉलेजातून पुढच्या कुठल्याच कंपनीला बसता येणार नाही. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. काय करू ते कळव. या वेळी उत्तर आधी पाठव, निर्णय मी नंतर घेते.

तुझी
अनुया


शिरगाव
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण तुझी भाची. तिला आलेली नोकरी ती नाकारणार म्हणते. मी विमा कंपनीत सदतीस वर्षं खुर्चीवर बसून काढली, त्या खुर्चीने आपलं घर चालवलं. खुर्चीचा तिला एवढा तिटकारा का, ते मला कळत नाही.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. वारा फिरला की एमआयडीसीचा वास आपल्या खिडकीपर्यंत येतो. त्या वासात माझी मुलगी दिवसदिवस उभी राहणार, आजूबाजूला सगळे पुरुष, काही भडकलं, फुटलं तर कोण जबाबदार? हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये हे तिला मी सांगितलं तर भांडण होतं. तुझं ऐकेल. तू त्या कारखान्यांतूनच निवृत्त झालीस, तूच चार शब्द सांग.

पेढे वाटले त्याची लाज वाटते असं नाही, पण लोक विचारतातच. तुझी प्रकृती जप आणि धाकट्यावर आहे तशी माया राहू दे.

तुझा
श्यामकांत


देवरुख
८ फेब्रुवारी २०२५

चि. अनुयास,
अ. उ. आ.

तुझ्या वडिलांचं पत्र आलं. तुला समजाव म्हणतो. त्याची भीती खोटी नाही, तिला हसू नकोस. तुझ्यासाठी घाबरायचं काम त्याने एकट्याने अंगावर घेतलंय.

आता माझं ऐक. मी प्रयोगशाळेत तीस वर्षं होते. प्लांटवरून नमुने खिडकीतून आत यायचे, मी तपासायचे, शेरा लिहायचे, बाटली परत जायची. रंग मी बाटलीत पाहिला, तयार होताना कधी पाहिला नाही. प्लांटवर बायका नकोत असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावर भांडताही आलं नाही. मी दुःखात होते असं समजू नकोस. पगार वेळेवर होता, मैत्रिणी चांगल्या होत्या. पण तुझ्या पत्रातलं ते रिअ‍ॅक्टरशेजारी उभं राहायचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, हे खरं.

तेव्हा हो म्हण किंवा नाही म्हण, पण माझ्या जिवावर म्हणू नकोस. आणि नकार देण्याआधी त्या रंगाच्या कंपनीच्या गेटवर जाऊन सरळ विचार, की शिफ्टला मुलगी घेता का. कॉलेजला ते आवडणार नाही. पण नोकरी कॉलेज देत नाही, कंपनी देते. तुम्ही मुलं हे विसरता, कारण मांडव कॉलेजात असतो.

कळावे. आशीर्वाद भरपूर आहेत, हवे तेवढे घे.

तुझी
आत्या


शिरगाव
९ मार्च २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही, कारण सगळं एकदम झालं. आता ओळीने सांगते.

आधी गेटवर गेले. शिवमंदिराच्या जत्रेमुळे रस्ते बंद होते, स्कूटी लांबून फिरवून नेली. वॉचमन म्हणाला, कॉलेजमार्फत या. मी म्हटलं, कॉलेजमार्फत यायची सोय मी स्वतःच घालवली आहे. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने आत फोन लावला. तिथल्या नोकरभरतीच्या सुरुची मॅडम भेटल्या. त्या स्पष्ट बोलल्या. कॉलेजात ते शिफ्टसाठी मुलंच निवडतात, मुली लॅबला घेतात, नियम नाही पण पद्धत आहे. शिवाय जिच्या हातात दुसरी नोकरी आहे तिला ते कॉलेजातून घेऊ शकत नाहीत. बाहेरून अर्ज केला तर परीक्षा घेतील, पण आधी मोकळी हो, म्हणाल्या. शिफ्टचं मात्र वचन नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात लेखी नकार दिला. सर खूप बोलले, माझ्यामुळे पुढच्या वर्षी कंपनी येणार नाही म्हणाले. मी ऐकून घेतलं, उत्तम श्रोता ना! फ्लेक्सवरच्या माझ्या चेहऱ्यावर त्यांनी पांढरा कागद चिकटवला.

रंगाच्या कंपनीची परीक्षा छान गेली. मुलाखतीत या वेळी मी भरपूर बोलले. प्लांटच्या साहेबांनी विचारलं, रिअ‍ॅक्टरचं तापमान चढायला लागलं आणि ऑपरेटर वयाने मोठा आहे, तुझं ऐकत नाही, तर काय करशील? मी म्हटलं, आधी स्वतः थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडीन, मानापमान नंतर बघू. ते हसले. मग म्हणाले, तुला घेतो, लॅबमध्ये, कायम.

आत्या, मी नाही म्हणाले. शिफ्ट देणार असाल तर येते, असं सांगून आले. कळवतो म्हणाले, अजून कळवलेलं नाही. आता माझ्याकडे एकही नोकरी नाही आणि झोप मात्र छान लागते. तू रागावलीस तर तेही कळव.

तुझी
अनुया


देवरुख
१५ मार्च २०२५

चि. अनुयास,
अ. उ. आ.

रागावले. लॅबला नाही म्हणालीस हे वाचून पत्र बाजूला ठेवलं, जशी काही तू मलाच नाकारलीस. संध्याकाळपर्यंत धुमसत होते. यज्ञेश म्हणाला, आई, तुला कुणी विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? मी भाजी चिरत बसले.

मग रडू आलं आणि बरं वाटलं. मला कुणी विचारलंच नव्हतं, अनुया. तुला विचारलं आणि तू सांगितलंस. बास, आता परीक्षेचा अभ्यास कर. त्यांना माणूस हवं असेल तर हाक मारतील. नाही मारली तर एमआयडीसीत आणखी गेटं आहेत.

तुझ्यावर फार जीव असलेली
आत्या


शिरगाव
९ जुलै २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अनुया स्वतःच लिहिणार होती, पण घरी आली की जेवते आणि आडवी होते. म्हणून मी लिहितो.

परीक्षा झाल्यावर जूनमध्ये त्या रंगाच्या कंपनीने बोलावलं. सहा महिने शिफ्टवर शिकाऊ म्हणून घेतो म्हणाले. एकच अट घातली. मुलीला शिफ्टवर पाठवायला माझी हरकत नाही, असं वडिलांनी लिहून द्यायचं. अनुया कागद घेऊन घरी आली तीच पेटलेली. मुलग्यांच्या वडिलांकडून असं काही घेत नाहीत, मग माझ्या वडिलांकडूनही नको, असं म्हणून तिने तो टेबलावर टाकला. मला म्हणाली, तुम्ही सही करायची नाही.

तशीही मी करणार नव्हतो. माझी हरकत होतीच, मग नाही असं खोटं कसं लिहू? जन्मभर लोकांच्या अर्जांतलं खोटं शोधलं. रात्री झोप लागेना. ती नोकरी माझ्या सहीवाचून अडली तर ती मला दोष देणार नाही, हे मला माहीत होतं आणि तेच सहन होईना. सकाळी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, माझी मुलगी शिफ्टवर जाण्यास माझी हरकत आहे. तथापि ती सज्ञान आहे, आणि तिच्या नोकरीच्या बाबतीत माझी हरकत विचारात घेण्याचे आपणास काही कारण नाही. खाली सही केली आणि स्वतः जाऊन देऊन आलो. अनुयाला दाखवलं नाही. आपण सगळं बिघडवलं, असं वाटून आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

मग नेमणुकीचं पत्र आलं. मी सुरुची मॅडमना फोन केला, तर म्हणाल्या, फाइलला लावायला वडिलांच्या सहीचा एक कागद हवा होता, तो मिळाला.

सोमवारी ती कामावर गेली. पहिली शिफ्ट होती, अंधारातच उठलो आणि डबा मी भरला. तिने बूट बांधता बांधता विचारलं, आता तरी हरकत गेली का. मी म्हटलं, नाही, आहे. असू द्या म्हणाली, आणि हेल्मेट घालून निघाली.

कळावे. माझ्यावरचा लोभ थोडा तिच्याकडे वळव, मला चालेल.

तुझा
श्यामकांत